सड्यावरची सीतेची आसवे

सीतेच्या आसवांना मूळ नसते. खोड म्हणावे असेही फारसे काही नसते, आणि पाने इतकी बारीक की बहराच्या दिवसांत ती शोधूनही हाती लागत नाहीत. ऑगस्टअखेरीस साताऱ्याजवळच्या कास पठारावर जो निळा-जांभळा रंग लांबवर पसरलेला दिसतो, तो करंगळीच्या नखाएवढ्या फुलांचा असतो. दोऱ्यासारख्या सडसडीत दांडीवर, जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून कमी उंचीवर ही फुले डोलत असतात. आपण छायाचित्रे काढतो ती या दांडीची आणि फुलाची. बाकीची सगळी वनस्पती ओल्या मातीच्या पातळ थरात दडलेली असते. पांढरट, जवळजवळ पारदर्शक तंतूंची एक विरळ जाळी, आणि त्या तंतूंवर जागोजागी लागलेले, मोहरीच्या दाण्याहूनही लहान फुगे. हे फुगे शिकार करतात. मातीतल्या पाण्यात वावरणारे सूक्ष्म जीव ते आत ओढून घेतात, पचवतात, आणि त्यातून मिळणाऱ्या नत्राच्या नि स्फुरदाच्या आधारावर वरचे फूल उमलते.

एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून संपणारी ही वनस्पती. तिची गोष्ट सांगायची तर ती ज्या जमिनीवर येते त्या सड्याचीही, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराचीही, सांगावी लागते. सड्याला आपण नापीक म्हणतो आणि तिथे एवढी फुले कशी, म्हणून थक्क होतो. पण तो नापीक आहे म्हणूनच ही फुले तिथे आहेत. सीतेच्या आसवांचा सगळा जन्म या एका गोष्टीवर बेतलेला आहे.

शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया परप्युरासेन्स. हे नाव जॉन ग्रॅहॅमने दिले. ग्रॅहॅम मुंबईत टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होता, आणि नोकरी सांभाळून त्याने मुंबई नि आसपासच्या वनस्पतींची एक सूची तयार केली. ती १८३९ मध्ये छापली गेली. त्याच वर्षी खंडाळ्यात त्याचा मृत्यू झाला, आणि सूचीचे राहिलेले काम त्याच्या सहकाऱ्याने, निम्मोने पूर्ण केले. पश्चिम भारतातल्या कितीतरी वनस्पतींच्या नावांपुढे आज ग्रॅहॅमचे नाव लागते ते या एका पुस्तकामुळे. लोकांना मात्र या फुलाचे नाव ठेवायला टपाल खात्याच्या साहेबाची गरज नव्हती. वनवासात सीतेच्या डोळ्यांतून ओघळलेले अश्रू जिथे पडले तिथे ही फुले उगवली, अशी कथा सांगतात. फुलाच्या जांभळ्या ओठावर मध्यभागी जो पांढरा, शिरांच्या नक्षीचा ठिपका असतो, तो पाहिल्यावर ही कल्पना कुठून सुचली असेल ते कळते.

फूल भिंगातून पाहावे. दोन ओठांचे, पुढून पाहिले तर मिटलेल्या तोंडासारखे. खालचा ओठ रुंद, आणि त्याचा मधला भाग फुगून वर आलेला. हा फुगवटा फुलाच्या घशाचे दार झाकून ठेवतो. मागच्या बाजूला एक निमुळती शेपटी असते, तिच्यात मध. मधमाशी खालच्या ओठावर उतरली की दार किंचित खाली दबते, आणि तिची सोंड मधापर्यंत पोहोचताना पाठीला पराग लागतो. येथे एक प्रश्न सहज मनात येतो. जी वनस्पती जीव खाते तिला परागीभवनासाठी कीटकांचीच गरज, मग ती आपल्याच मदतनीसांना गिळत नाही का? गिळत नाही, कारण दोन्ही कारभार वेगळ्या मजल्यांवर चालतात. मधमाश्या वर हवेत, शिकार खाली चिखलात. फुग्याचे तोंड इतके लहान असते की त्यात एकपेशीय जीव, रोटिफर, सूत्रकृमी आणि पाण्यातले अगदी बारीक कवचधारी प्राणी एवढेच मावतात.

या फुग्यांनी चार्ल्स डार्विनलाही बराच काळ गुंतवून ठेवले होते. १८७५ मध्ये त्याचे कीटकभक्षी वनस्पतींवरचे पुस्तक निघाले, आणि त्यात युट्रिक्युलेरियाला त्याने दोन प्रकरणे दिली. त्याच सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये मेरी ट्रीट याही सूक्ष्मदर्शकाखाली हेच फुगे पाहत होत्या. डार्विनचा आणि त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि पुस्तकात त्यांच्या निरीक्षणांचा उल्लेख आहे. डार्विनचा निष्कर्ष असा होता, की प्राणी स्वतःच डोके खुपसून फुग्याचे दार ढकलतात, आत जातात आणि अडकतात. त्याला हेही वाटले की या वनस्पतीला पचवता येत नाही, आतले प्राणी आपोआप कुजतात आणि तो अर्क ती शोषते. दोन्ही अंदाज पुढे बदलावे लागले. फुगा स्वस्थ पडून शिकार यायची वाट पाहत नाही. तो शिकार खेचतो. आणि त्याच्या आतल्या ग्रंथी पाचक रसही सोडतात.

ही खेच कशी घडते ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वनस्पतींच्या राज्यात इतकी वेगवान हालचाल क्वचितच पाहायला मिळते. फुग्याची भिंत अवघ्या दोन पेशींच्या जाडीची. आतल्या ग्रंथी फुग्यातले पाणी सतत बाहेर टाकत राहतात. पाणी बाहेर गेले की आतला दाब कमी होतो, आणि बाजूच्या भिंती आत चेपल्या जातात. औषधाच्या ड्रॉपरचा रबरी बोंडा दाबून धरावा तशी ही अवस्था. तोंडावर एक लवचिक दार घट्ट बसलेले असते. जलचर जातींमध्ये या दारावर ताठ केस असतात. एखाद्या जिवाचा त्यांना धक्का लागला की दाराचा तोल ढळतो, ते आत कलंडते, चेपलेल्या भिंती झटकन पूर्ववत होतात, आणि बाहेरचे पाणी त्या जिवासकट आत घुसते. २०११ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यांनी ही क्रिया चित्रित करून मोजली गेली तेव्हा दिसले, की दार उघडून शिकार आत जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. आपली पापणी लवायला याच्या किमान शंभरपट वेळ लागतो. त्यानंतर दार आपोआप बंद होते, ग्रंथी पुन्हा पाणी उपसू लागतात, आणि साधारण अर्ध्या तासात फुगा पुढच्या शिकारीसाठी तयार होतो. हे मोजमाप पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर झाले. ओल्या मातीत राहणाऱ्या जातींचे फुगे आणखी लहान असतात आणि दाराची ठेवण थोडी निराळी, पण त्यांचाही सापळा पाण्याच्या दाबावरच चालतो.

पाणी उपसायचे म्हणजे आधी पाणी हवे. कणांच्या मधल्या जागा पाण्याने भरलेल्या असतील तरच जमिनीतला फुगा काम करतो. म्हणून सीतेची आसवे पठारावर कुठेही येत नाहीत. कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा हळूहळू वाहत असतो, मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, आणि आठवडेच्या आठवडे ती माती निथळत नाही, अशा जागा ती निवडतात. त्याहून खोल पाण्यात ती नसतात, आणि जिथे मातीचा थर वाढून पाणी निचरते तिथेही नसतात.

आता सड्याकडे वळू. सह्याद्रीचा हा भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून तो बनला. पुढे या काळ्या पाषाणावर लाखो वर्षे उष्ण आणि दमट हवामानाने काम केले. पावसाच्या पाण्याने त्यातले सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम विरघळवून वाहून नेले. मागे राहिली ती लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. तोच जांभा. घाटमाथ्यावर काससारख्या पठारांच्या डोक्यावर त्याची टोपी आहे, आणि खाली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात समुद्रापर्यंत त्याचे सडे पसरले आहेत. कोकणातला माणूस जांभ्याला ओळखतो तो चिऱ्यांमुळे. खाणीतून काढताना मऊ, तासता येणारा, आणि वाऱ्या-उन्हात राहिला की टणक. फ्रान्सिस बुकॅननने मलबारात लोकांना असा दगड कापून घरे बांधताना पाहिले आणि १८०७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा छापले.

झाडाच्या दृष्टीने पाहा. ज्या दगडातली पोषणद्रव्ये लाखो पावसाळ्यांनी धुऊन नेली, त्याच्यावर बोटभर माती. त्या मातीतला नत्र दर पावसाळ्यात पुन्हा धुतला जातो. सतत पाणी साचल्याने मातीत हवा राहत नाही, आणि तिथले जिवाणू उरलासुरला नत्र वायुरूपाने उडवून लावतात. स्फुरद असला तरी तो लोहाशी नि ॲल्युमिनियमशी इतका घट्ट बांधलेला असतो की मुळांना सुटत नाही. ऊन भरपूर आहे, कारण सावली देणारे झाड नाही. पाणी चार महिने अपरंपार आहे. अन्न मात्र नाही.

वनस्पती मांसाहारी का होतात याचे आतापर्यंतचे सर्वांत पटणारे उत्तर याच तीन गोष्टींच्या हिशेबात आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये व्हेनेझुएलातल्या एका वनस्पतीचा अभ्यास करताना तो मांडला. सापळा तयार करणे आणि चालवणे खर्चाचे काम आहे. जो पेशीसमूह पान होऊन ऊन गोळा करू शकला असता, तो फुगा होतो. शिवाय पाणी उपसायला ऊर्जा जाते. हा खर्च केव्हा परवडतो? ऊन आणि पाणी भरपूर असेल, आणि वाढ अडली असेल ती फक्त नत्र-स्फुरदावाचून, तेव्हाच. सावली असेल तर मिळालेला नत्र वापरायला प्रकाश नाही. कोरडे असेल तर सापळा चालत नाही. आणि जमीन सकस असेल तर मुळांनी अन्न घेणारी गवते इतक्या वेगाने वाढतात की सापळेवालीचा टिकाव लागत नाही. म्हणजे तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हायला हव्यात. श्रावण-भाद्रपदातला सडा त्या पुऱ्या करतो.

हा हिशेब केवळ सीतेच्या आसवांनाच लागू आहे असे नाही. त्याच ओल्या पट्ट्यात दवबिंदू भेटतो, म्हणजे ड्रॉसेरा इंडिका. त्याच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात आणि त्यांना लहान माश्या डकतात. दोघांचे कुळ वेगळे, शिकारीची रीत वेगळी, पण अडचण एकच असल्यामुळे दोघे एकाच जागी पोटाची सोय करत आहेत. दवबिंदूही एका हंगामाचाच.

पण सीतेची आसवे वर्षायू का? उत्तर ऑक्टोबरनंतर मिळते. पाऊस थांबला की बोटभर माती काही दिवसांत वाळते. मग पुढचे सात-आठ महिने हा सडा उघडा पडलेला असतो. थंडी, वारा, आणि मार्चपासून तापणारा दगड. अशा जागी टिकून राहण्याचे मार्ग मोजकेच आहेत. एक मार्ग कंदाचा. चवर, दीपकाडी, आभाळी या वनस्पती भेगांमध्ये किंवा मातीच्या खोलगट जागी कंद ठेवून वरचा भाग सोडून देतात. दुसरा मार्ग विलक्षण आहे. काही गवते आणि नेचे पूर्ण वाळतात, चुरचुरीत होतात, पण मरत नाहीत. पहिल्या सरीनंतर तीच पाने पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातून अशा ६२ जातींची नोंद केली आहे, आणि त्यांचा मुख्य निवास असे कातळच आहेत. तिसरा मार्ग बीचा. सगळे आयुष्य पावसाळ्यात उरकायचे आणि दुष्काळ बीच्या रूपाने काढायचा. सीतेच्या आसवांनी हा मार्ग धरला आहे.

बी धुळीच्या कणासारखे. एका बोंडात ते पुष्कळ असते. दगडाच्या खळग्यांत, वाळलेल्या गवताच्या बुडाशी, मातीच्या पापुद्र्यात ते पडून राहते. जूनमध्ये पाऊस आला की ते लगेच फुलायला धावत नाही; जुलैच्या धुवाधार पावसात आणि धुक्यात वनस्पती जमिनीखाली जाळे विणत असते, फुगे लावत असते. वर डोळ्यांना काहीच दिसत नाही. ऑगस्टमध्ये सरींच्या मध्ये ऊन पडू लागले की दांड्या वर येतात. सप्टेंबरात बहर, ऑक्टोबरात बोंडे, आणि दिवाळीच्या सुमारास पाहावे तर वाळलेल्या काड्या. पावसाने मध्येच तीन आठवडे ओढ दिली तर पातळ माती सुकते आणि त्या वर्षी बहर विरळ येतो. यंदा कास फुलले नाही अशी तक्रार पर्यटक करतात, तेव्हा पावसाचा हा खंड आठवून पाहावा.

याच कुळातली एक पिवळ्या फुलांची जात, युट्रिक्युलेरिया गिब्बा, महाराष्ट्रातल्या डबक्यांमध्ये तरंगताना सापडते. तिचा संपूर्ण जनुकसंच २०१३ मध्ये उलगडला गेला आणि शास्त्रज्ञ चकित झाले. तो अवघ्या ८.२ कोटी अक्षरांचा निघाला; माणसाचा ३०० कोटींहून मोठा आहे. तरीही त्यात जनुके सुमारे २८,५०० होती. जनुकांच्या मधली जी लांबलचक, आपण बिनकामाची समजत होतो ती भरताड या वनस्पतीने जवळजवळ सगळी टाकून दिली आहे. या काटकसरीचा संबंध स्फुरदाच्या टंचाईशी असावा असे एक मत आहे, कारण डीएनए बनवायला स्फुरद लागतो. ते सिद्ध झालेले नाही, आणि इतर कारणेही पुढे केली गेली आहेत. मला हे मत फार आवडते, पण आवडणे हा पुरावा नव्हे.

युट्रिक्युलेरियाच्या जगभरात दोनशेहून अधिक जाती आहेत, आणि मांसाहारी वनस्पतींमध्ये एवढी मोठी प्रजाती दुसरी नाही. ब्रिटिश अभ्यासक पीटर टेलर यांनी १९८९ मध्ये तिचा जागतिक ग्रंथ लिहिला. भारतातल्या जातींचे पुस्तक एम. के. जनार्दनम आणि ए. एन. हेन्री यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले. जनार्दनम पुढे गोवा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आणि गोव्याच्या जांभ्याच्या सड्यांवरच्या वनस्पतींचा अभ्यास त्यांनी नि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे नेला. कोकणातल्या कातळावर आणि भातखाचरांच्या बांधावर सीतेच्या आसवांची भावंडे येतात. केरळात कण्णूरजवळ माडायिप्पारा नावाची जांभ्याची टेकडी आहे. तिथे यातलीच एक निळी जात ओणमच्या सुमारास फुलते. तिला तिकडे काक्कापू म्हणतात आणि ओणमच्या पूक्कळमात, म्हणजे फुलांच्या रांगोळीत, ती मांडतात.

सड्यावर या फुलांचे शेजारीही तितकेच नेमकेपणाने आपापल्या जागा धरून असतात. पाण्याच्या पापुद्र्यात सीतेच्या आसवांबरोबर पांढऱ्या गोल डोक्यांचे गेंद. थोडी जास्त माती असेल तिथे गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, आणि लाल ठिपक्यांची पिवळी स्मिथिया, जिला मुले मिकी माउस म्हणतात. साचलेल्या डबक्यात वायतुरा, जो साताऱ्याच्या पठारांव्यतिरिक्त फारसा कुठे नाही. ओलसर खोलगटांत जांभळी मंजिरी. चार पावलांत जमीन तीन बोटे खोल झाली की फुलांची वस्ती बदलते. दुरून जो सलग गालिचा वाटतो, तो जवळून मातीच्या खोलीचा नकाशा असतो.

ही जमीन महसुली कागदांत कशी नोंदली जाते? सातबाऱ्यावर अशा न पिकणाऱ्या तुकड्याला पोटखराबा म्हणतात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात उघड्या कातळाचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि तो पडीक म्हणूनच मोजला जातो. कागदावर एकदा पडीक लिहिले की पुढचा विचार एकाच दिशेने जातो: तिचे काहीतरी केले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही पठारांवर बॉक्साइट काढण्यासाठी जांभ्याचा वरचा थरच खरवडला गेला. बॉक्साइट म्हणजे तेच ॲल्युमिनियम, जे पावसाने मागे ठेवले होते. खाण बंद झाल्यावर माती टाकून तिथे झाडे लावता येतात, पण झाडे लावली म्हणून सडा परत येत नाही. त्याचा निथळ, त्याचे खळगे, त्याची बोटभर माती हे सगळे वरच्याच थराचे असते.

कोकणात गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मला तिथे कुणालाही दोष द्यावासा वाटत नाही. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली, आणि कातळात सुरुंगाने खड्डे करून, बाहेरून माती आणून त्यात हापूस लावला गेला. त्या बागांनी अनेक घरे उभी राहिली. पण खड्डा, भरलेली माती, खत आणि सावली या चार गोष्टी मिळून त्या तुकड्यावरच्या सड्याच्या सगळ्या अटी मोडतात, हेही तितकेच खरे आहे. म्हणून उरलेल्या कातळांपैकी कुठले राखायचे, हे ठरवण्याची वेळ आहे. याच कातळांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पे आहेत, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. शिल्प राखताना भोवतीचा सडा राखला गेला तर एकाच कुंपणात दोन वारसे सांभाळले जातील.

साताऱ्याजवळच चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी झाले आणि त्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे वाढले. या सरड्याचे वर्णन नवी जात म्हणून २०१६ मध्ये झाले, आणि त्याच्या शास्त्रीय नावात आपला सरडा जसाच्या तसा आहे: सरडा सुपर्बा. तिकडे आंबोलीच्या सड्यावर एक भेक आहे, जो पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो. त्याची ओळख जगाला २००९ मध्ये झाली. ज्या जमिनीला काहीच नाही म्हणून आपण पडीक म्हटले, तिथे एकविसाव्या शतकातही नवे प्राणी सापडत आहेत. डॉ. अपर्णा वाटवे यांनी महाराष्ट्रातल्या सड्यांचा आणि पठारांचा आढावा घेऊन हे वारंवार मांडले आहे, की उघडा कातळ हा स्वतंत्र अधिवास आहे, बिघडलेले जंगल नाही. वृक्षारोपणाच्या मोहिमा आखणाऱ्यांनी हे वाक्य आधी वाचावे. सड्यावर झाड लावणे हे सीतेच्या आसवांचे ऊन काढून घेणे आहे.

आणि काससुद्धा केवळ यादीत नाव आल्याने सुरक्षित होत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा ठरली, त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर गर्दी वाढली. वनखाते आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी प्रवेशशुल्क, संख्येवर मर्यादा, पायवाटा अशा गोष्टी सुरू केल्या, आणि मला त्या योग्य वाटतात, कारण पाण्याच्या पापुद्र्यावर पडलेले प्रत्येक पाऊल बोटभर मातीचे जाळे तुडवते. तारेच्या कुंपणाचा प्रश्न मात्र इतका सरळ नव्हता. या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत आली. गुरे गवत खातात, ते आखूड राहते, बुटक्या फुलांना ऊन मिळते. कुंपण घातल्यावर चराई थांबली, उंच गवत माजले, आणि फुले कमी होत आहेत असे गावकरी आणि काही अभ्यासक म्हणू लागले. पुढे कुंपण काढण्यात आले. किती चराई हवी, कोणत्या महिन्यात हवी, शेणाने माती किती सकस होते, हे मोजूनच ठरेल. पण गिव्हनिश यांचा हिशेब इथेही लागू पडतो: या फुलाला ऊन हवे, आणि माती गरीबच राहायला हवी.

पाहायला जायचे तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा शेवट, आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून. भिंग बरोबर न्यावे. वाटेच्या कडेलाच, पाणी पाझरत असलेल्या जागी, उकिडवे बसले तरी पुष्कळ दिसते. आत शिरण्याची गरज नाही. कास लांब पडत असेल तर कोकणात किंवा गोव्यात घराजवळचा कुठलाही सडा, किंवा भाताच्या खाचराचा ओला बांध पाहावा. निळी, पिवळी किंवा फिकट जांभळी दोन ओठांची फुले बारीक दांडीवर दिसली तर बहुधा ती याच प्रजातीची असतील. फुगे पाहायच्या मोहाने दांडी उपटू नये. तंतू इतके नाजूक असतात की ओढल्याबरोबर तुटतात. फुगे सगळे मातीतच राहतात, आणि हातात फक्त एक काडी येते, जिचे बी त्या वर्षी पडायचे राहून जाते.